पंखे फिरतायत पण डिस्प्ले नाही, म्हणून लगेच बोर्ड गेला असं समजू नका

कराडहून एका ताईंचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात देतो. ताई घरूनच लग्नाच्या अल्बमचं डिझायनिंग करतात, आसपासचे चार-पाच फोटो स्टुडिओवाले त्यांना काम देतात. पीसी २०१९ च्या दिवाळीत घेतलेला, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर रायझन ३ २२००जी प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही असं कळलं, म्हणून त्यांनी पुण्याहून रायझन ५ ५६००, ८-८ जीबीच्या दोन नव्या रॅम आणि ५५० वॅटचा नवा मॉड्युलर एसएमपीएस (पीसीला करंट पुरवणारा डबा) आणला, व्हिडिओ बघून सगळं स्वतः बसवलं. पुढचं त्यांच्याच शब्दात:

"दादा, बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, लाईट पण लागते, पण मॉनिटरवर नो सिग्नल. एचडीएमआयची वायर पहिल्यासारखीच मागे बोर्डला लावलीये. एसएमपीएसची मोठी वायर लावली, हार्डडिस्कची लावली. कीबोर्डवर नम लॉकचा दिवा पण लागत नाही. घाबरून जुना प्रोसेसर परत लावला (काढताना तो पंख्याला चिकटून सॉकेटमधून उपटूनच आला होता) तरी तेच. दुकानात फोन केला तर म्हणाले बोर्ड गेला, आता बोर्डच नवीन घ्या. घरात सगळे म्हणतात कशाला हात लावलास. तीन अल्बम द्यायचे आहेत. खरंच गेला का बोर्ड?"

ताई, आधी अल्बमचं बघू कारण पीसी आज सुरू होईल नाहीतर चार दिवसांनी, गिऱ्हाईकाची तारीख काही पुढे सरकत नाही. तुमचं सगळं काम हार्डडिस्कवर आहे आणि या सगळ्या भानगडीत हार्डडिस्कला काही झालंय असं तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. ती काढा, यूएसबीला लावायची केस मिळते कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात, हार्डडिस्क मोठी साडेतीन इंची असेल तर वेगळ्या ॲडॉप्टरवाली केस मागा, आणि ज्यांचे अल्बम आहेत त्यांच्याच स्टुडिओतल्या पीसीला किंवा भावाच्या लॅपटॉपला लावून फाईली कॉपी करून घ्या. बारा बाय छत्तीस इंची शीट ३०० डीपीआयला म्हणजे १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल होते, साध्या लॅपटॉपवर जड जाईल, पण अडणार नाही. काम हातात आलं की डोकं शांत राहतं आणि मग कॅबिनेट उघडायला बसा.

आता बोर्ड. फोनवर ऐकून बोर्ड गेला असं सांगणं मला पटत नाही, समोर ठेवून एकेक पार्ट काढून बघितल्याशिवाय ते कुणालाच सांगता येत नाही. माझा अंदाज वेगळा आहे आणि तो तुमच्याच पत्रातून आलाय. नवा प्रोसेसर लावला तरी डिस्प्ले नाही, जुना लावला तरी नाही. मग या दोन्ही वेळेला सारखं काय होतं ते बघा. नवा एसएमपीएस दोन्ही वेळेला होता, नव्या रॅम दोन्ही वेळेला होत्या. एकाच दिवशी तीन वस्तू बदलल्या की चूक कुठली ते शोधणं अवघड होतं, पण तुम्ही जुना प्रोसेसर परत लावून बघितलात ते घाबरून का होईना फार चांगलं केलंत, त्यामुळेच मला धागा मिळाला.

तुम्ही लिहिलंय मोठी वायर लावली आणि हार्डडिस्कची लावली. तिसरी वायर कुठंय? बोर्डाला दोन ठिकाणी करंट लागतो. एक ती मोठी २४ पिनांची, आणि दुसरी प्रोसेसरची, ४ किंवा ८ पिनांची, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, प्रोसेसरच्या पंख्याच्या मागे अगदी अडचणीच्या जागी तिचं सॉकेट असतं. २००० साली पेंटियम ४ आला तेव्हापासून ही वेगळी १२ व्होल्टची वायर आली कारण प्रोसेसरची भूक वाढली होती. तुमचा जुना एसएमपीएस साधा होता, त्याच्या सगळ्या वायरी त्यातूनच बाहेर आलेल्या असतात त्यामुळे ती वायर समोर लोंबकळत राहते आणि आपोआप आठवते. मॉड्युलरमध्ये मात्र वायरी वेगळ्या पिशवीत येतात आणि लागेल ती आपण जोडायची, त्यामुळे प्रोसेसरची वायर पिशवीतच राहून जाते. ती नसली तर बरेच बोर्ड हुबेहूब तुम्ही लिहिलंय तसंच वागतात, पंखे फिरतात, लाईट लागते, पण प्रोसेसरला करंटच नाही म्हणून पुढे काहीच हलत नाही, नम लॉक नाही की डिस्प्ले नाही.

मी हे इतकं ठासून का सांगतोय त्याला कारण आहे. मी रिपेरिंगच्या धंद्यात नवीन होतो तेव्हा एका शिक्षकांच्या पीसीचा बोर्ड गेला म्हणून मी सांगितलं आणि त्यांनी उसनेपासने करून नवीन घेतला. जुना बोर्ड माझ्याकडेच पडून होता, काही महिन्यांनी सहज टेबलावर लावून बघितला तर चालू झाला. त्या दिवशी मी ती चार पिनांची वायरच लावली नव्हती. पैसे परत केले मी त्यांना, पण ते तेवढे महिने त्यांनी काढले ते काढलेच. तेव्हापासून पंखे फिरतायत पण डिस्प्ले नाही असं कुणी म्हणालं की मी पहिला हात त्या कोपऱ्यात घालतो.

तर पिशवी बघा. त्यात ८ पिनांची वायर असेल जी मधून ४ आणि ४ अशी दोन तुकड्यात सुटते, तिच्यावर किंवा एसएमपीएसच्या सॉकेटवर सीपीयू असं छापलेलं असतं. अगदी तशीच दिसणारी दुसरी असते जी ६ आणि २ अशी सुटते, ती ग्राफिक्स कार्डची, ती इथे लावायची नाही आणि बसत नसेल तर जोर लावून तर अजिबात नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, पिशवीत वायर सापडली नाही तर दुसऱ्या कुणाच्या एसएमपीएसची वायर आणून लावू नका. बोर्डाकडचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं पण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची पण वेगळी असते. वायर बसते मस्त, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्डडिस्क किंवा एसएसडी जळते. ग्राहकांच्या मुलांचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो असे गेलेले मी बघितलेत. वायर नसेल तर तुमचा जुना एसएमपीएस आहेच की, तो लावा. ६५ वॅटच्या प्रोसेसरला तो पुरतो, आणि बोर्डावर ८ पिनांचं सॉकेट असलं आणि जुन्यात ४ पिनांचीच वायर असली तरी एवढ्या प्रोसेसरला चालून जातं.

दुसरा संशय जुन्या प्रोसेसरच्या पिनांवर. तो पंख्याला चिकटून उपटून आला असं लिहिलंय, हे या एएम४ सॉकेटचं जुनंच दुखणं आहे, त्यात प्रोसेसरला वरून पकडून ठेवणारं काही नसतं आणि पाच-सहा वर्षांत प्रोसेसर आणि कूलर (म्हणजे पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा) यांच्यामधली पेस्ट सुकून सिमेंटसारखी होते. पुढच्या वेळी काढायच्या आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून कूलर गरम होऊ द्या, मग बंद करून, स्क्रू सोडून कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवा, तो सुटतो, सरळ वर ओढायचा नाही. स्क्रू सोडताना बोर्डाच्या मागची लोखंडी पट्टी एका हाताने धरून ठेवा नाहीतर ती मागे पडते आणि मग पूर्ण बोर्ड काढावा लागतो.

प्रोसेसरच्या खाली १३३१ पिना आहेत. उजेडाकडे धरून डोळ्याच्या रेषेत बघा, उसाच्या सरीतून आरपार दिसतं तसं प्रत्येक ओळीतून आरपार दिसलं पाहिजे, आडवं बघा, उभं बघा. एखादी पिन वाकलेली दिसली तर रडायचं कारण नाही, ०.५ किंवा ०.७ ची पेन्सिल असते ना मुलांची, तिचं शिसं काढून टाकायचं आणि पुढची पोकळ नळी पिनेवर घालून अगदी थोडी थोडी सरळ करायची, किंवा जुनं एटीएम कार्ड ओळीतून सरकवायचं. एका दमात करू नका, पिन तुटली तर मात्र अवघड होतं. मग सॉकेटची दांडी पूर्ण उभी करा, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, आणि प्रोसेसर नुसता ठेवा, तो स्वतःच्या वजनाने आत बसला पाहिजे. बोटाने दाबावं लागत असेल तर कुठेतरी पिन वाकडी आहे. बसला की मगच दांडी खाली. जुनी पेस्ट दोन्हीकडून पुसून हरभऱ्याच्या दाण्याएवढी नवी लावा, आणि पंख्याची छोटी वायर बोर्डावर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावा.

तर आता करायचं काय, तर सगळं जुनं. जुना प्रोसेसर, जुनी रॅम एकच, जुना एसएमपीएस, हार्डडिस्कची वायर काढून ठेवा, पेनड्राइव्ह प्रिंटर सगळं काढा, फक्त मॉनिटर आणि कीबोर्ड. हात घालायच्या आधी भिंतीचं बटण बंद करून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं म्हणजे आतला उरलेला करंट निघून जातो, आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून घ्यायचा. सिंथेटिक साडी किंवा स्वेटर घालून बसू नका, थंडीच्या कोरड्या हवेत त्यातून चटका बसतो तसा रॅमलाही बसतो आणि तिला तो सोसत नाही. मग बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, काढून दहा मिनिटं बाजूला ठेवा आणि परत लावा, म्हणजे बायोसच्या (पीसी सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) सेटिंग पहिल्यासारख्या होतात. रॅमच्या सोनेरी पट्टीवर साधं खोडरबर फिरवून कचरा झटकून टाका, दोन्ही टोकांना टक असा आवाज येईपर्यंत दाबा. रॅम अर्धवट बसलेली असणं हे डिस्प्ले न येण्याचं फार नेहमीचं कारण आहे, नवीन रॅम असली तरी. चार खाचा असतील तर एक रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत, दोन रॅम असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. आणि चालू केल्यावर लगेच बंद करू नका, रॅम बदलली की बोर्ड पहिल्यांदा तिची ओळख करून घेतो, त्याला एखाददोन मिनिटं काळा पडदा राहू शकतो, मी पाच मिनिटं थांबतो.

जुन्या सगळ्यावर डिस्प्ले आला, आणि मला वाटतं येईल, की बोर्ड जिवंत आहे हे नक्की झालं. मग फक्त नवा एसएमपीएस, सीपीयूच्या वायरीसकट. चालला की मग नव्या रॅम. एका वेळी एकच वस्तू, मधे प्रत्येक वेळी चालू करून बघायचं. कंटाळवाणं आहे पण अख्खी दुपार गेली तरी चालेल.

आणि आता ताई जरा वाईट बातमी, ती प्रोसेसरची. वायर लावली, पिना सरळ केल्या, तरी तुमचा नवा ५६०० या जोडणीत डिस्प्ले देणारच नाही, कारण त्याच्यात ग्राफिक्स नाहीये. तुमच्या जुन्या २२००जी मधल्या जी चा अर्थच तो, प्रोसेसरच्या आतच व्हेगा ग्राफिक्स, म्हणून बोर्डाच्या मागच्या एचडीएमआयला चित्र येत होतं. ती भोकं बोर्डावर असली तरी चित्र प्रोसेसरमधून येतं, आणि साध्या ५६०० ला ते नाही. हे दुकानदाराने विचारायला पाहिजे होतं, ग्राफिक्स कार्ड आहे का म्हणून, एक प्रश्न होता फक्त. यात तुमची चूक मी मानत नाही, नावात एका अक्षराचा फरक आहे.

त्यामुळे बिल काढा आणि बदलून मिळतो का ते आधी विचारा, ५६००जी किंवा ५६००जीटी घ्या, तेवढेच ६ कोर १२ थ्रेड, आणि ग्राफिक्स आत. यात कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) निम्मी असते, ५६०० ला ३२ एमबी आणि जी ला १६, पण फोटोशॉपमध्ये अल्बम करायला तुम्हाला जास्त फायदा १६ जीबी रॅमचा होणार आहे. बदलून देत नसतील तर छोटं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल आणि मग मॉनिटरची वायर बोर्डाला नाही, त्या कार्डाला.

कुठलाही घेतलात तरी एक काम उरतं, बायोस. तुमचा बोर्ड २०१९ चा, रायझन ५००० मालिका आली नोव्हेंबर २०२० मध्ये आणि बी४५० बोर्डांना तिचा बायोस मिळायला लागला २०२१ मध्ये, ५६०० तर एप्रिल २०२२ चा. मधे कधी अपडेट केला नसेल तर बोर्डाला हा प्रोसेसर म्हणजे कोण आलंय ते कळतच नाही, आणि लक्षण परत तेच, पंखे फिरतात आणि अंधार. इथे जुना २२००जी सोन्यासारखा कामाला येतो, तो विकू नका इतक्यात. जुन्या प्रोसेसरवर पीसी सुरू झाला की बोर्डावर छापलेलं मॉडेलचं पूर्ण नाव आणि कोपऱ्यातला रिव्हिजन नंबर लिहून घ्या, बोर्डाच्या कंपनीच्या साईटवर त्याच मॉडेलच्या पानावर प्रोसेसर सपोर्ट लिस्ट असते, त्यात तुमच्या नव्या प्रोसेसरसमोर कुठल्या नंबरचा बायोस लागतो ते दिलेलं असतं. त्या बायोसची माहिती नीट वाचा, काही बोर्डांवर मधला एखादा बायोस आधी टाकावा लागतो आणि काही ठिकाणी नवीन बायोस टाकल्यावर जुने काही प्रोसेसर चालायचे बंद होतात. फाईल एफएटी३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर टाका आणि बायोसमध्ये जाऊन तिथल्याच अपडेटच्या मेनूतून करा, विंडोजमधून नको.

आणि हे इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर करा. पाच-सात मिनिटांचं काम आहे पण त्यात लाईट गेली तर बायोस अर्धवट लिहिला जातो आणि मग तो दुकानदार म्हणाला ते खरं ठरतं. घरात सांगून ठेवा की या वेळात कुणी मिक्सर, गिझर, काही लावायचं नाही, आणि पीसीचा प्लग लावलेल्या बोर्डाला कुणी पाय लावायचा नाही.

नवा प्रोसेसर बसवून पहिल्यांदा डिस्प्ले आला की कदाचित पांढऱ्या अक्षरात इंग्रजीत एक निरोप येईल, नवीन सीपीयू लावलाय, एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारा भाग) रीसेट करायचा का, वाय किंवा एन दाबा. बरेच जण याला एरर समजून पीसी बंद करतात. ज्यांच्या विंडोजला बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे त्यांनी वाय दाबायच्या आधी ४८ आकड्यांची रिकव्हरी की हातात ठेवायची, नाहीतर डिस्क उघडत नाही. ही की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये साठवलेली सापडू शकते. म्हणून जुना प्रोसेसर असतानाच विंडोजच्या सेटिंगमध्ये बिटलॉकर बंद आहे ना ते बघून घ्या, बंद असेल तर बिनधास्त वाय दाबा. विंडोज ११ चं नंतर बघू, प्रोसेसर त्याच्या यादीत आहे तेव्हा ते होणार आहे, आधी अल्बम पूर्ण करा.

घरचे म्हणतात कशाला हात लावलास, त्यांना एवढंच सांगा की पार्ट सगळे चालू असण्याचीच शक्यता जास्त आहे. प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवणं, कूलर सोडणं, परत जुना लावून तपासणं हे तुम्ही पहिल्याच वेळी केलंत, राहिली ती पिशवीतली एक वायर, आणि ती माझ्याकडूनही राहिली होती.

सगळं जुनं लावूनही डिस्प्ले आला नाही तर मला परत लिहा, पण तेव्हा दोन गोष्टी कळवा. पहिली, बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात का बघा, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावं छापलेली असतात, त्यातला कुठला लागून राहतो ते. तुमच्या बोर्डावर दिवे नसतील तर छोटा बझर मिळतो, स्पीकर लिहिलेल्या पिनांना लावायचा, किती बीप येतात ते मोजा, लांब किती आणि छोटे किती. दुसरी, बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालतो का, कारण कधीकधी खालचा एखादा पितळी खांब चुकीच्या जागी लागून बोर्ड शॉर्ट होत असतो. चकचकीत पिशवीवर ठेवू नका, ती बाहेरून करंट वाहते. आणि त्या वरच्या डाव्या कोपऱ्याचा एक फोटो, वायर लावलेली दिसेल असा.